रजेचं सगळ्यांनी पाहिलं, परतीचं कोणी पाहिलं नाही: काजू कारखान्यातल्या एका आईचं प्रकरण

या नोंदीतली नावं बदलली आहेत. गाव, कारखाना आणि ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. सुमती आणि तिच्या नवऱ्याने मजकूर वाचून होकार दिला, त्यानंतरच तो इथे मांडते आहे. मी सिंधुदुर्गात आजारी मुलांच्या कुटुंबांसोबत काम करते. या प्रकरणात माझ्याही दोन चुका झाल्या. त्या लपवल्या तर नोंद लिहिण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

सुमती कुडाळ तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात जून २०१७ पासून कामाला होती. सुरुवातीला बी फोडणीवर. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी भाजते आणि सोलून निघते. राख लावा, एरंडेल लावा, दोन-तीन वर्षांत बोटांची टोकं निबर होतातच. नंतर ती ग्रेडिंगच्या टेबलावर आली आणि २०२० मध्ये तिथली सुपरवायझर झाली. बारा बायका गर निवडायच्या. १८०, २४०, ३२० नंबर, पाकळी, कणी असं वेगवेगळं करायच्या. सुमती ट्रे तपासायची, वजनं लिहायची, पॅकिंगची किल्ली सांभाळायची. पगार साडेअकरा हजार. नवरा मालवणच्या बाजूला ट्रॉलरवर खलाशी. घरात सासू आणि सहा वर्षांचा ओम.

२०२१ च्या गणपतीच्या आधी ओमला ताप येऊ लागला, तो जाईना. पाय दुखतात म्हणून रडायचा. नडगीवर निळे डाग दिसले. सासूला वाटलं, पोर अंगणात पडलं असेल. कुडाळच्या लॅबमधला रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईला जायला सांगितलं. परळच्या टाटा रुग्णालयात निदान झालं: तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग. वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तर बहुतेक मुलं यातून बरी होतात. पण उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले आठ-नऊ महिने जड औषधांचे, रुग्णालयाच्या जवळ राहण्याचे. त्यापुढे दीड ते दोन वर्षं घरी राहून रोज एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी गोळी, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट.

उपचारांचे हे दोन भाग कामाच्या दृष्टीने अगदी वेगवेगळे आहेत. तेव्हा ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला पेच: राजीनामा की रजा

निदान झाल्यावर चौथ्या दिवशी सुमतीला कारखान्याच्या हिशेबनिसांचा फोन आला. माणूस चांगला, बोलणं काळजीचं. "राजीनामा लिहून पाठवा, पीएफचे पैसे मोकळे होतील, पोर बरं झालं की पुन्हा या, मालक नाही म्हणणार नाहीत." सुमतीने वहीच्या कागदावर राजीनामा लिहिलाही होता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तिची जागेची सोय होत होती आणि हाताशी रोकड नव्हती. माझी तिची ओळख त्याच दिवशी फोनवर झाली, तिच्या आतेबहिणीमुळे.

समोर चार वाटा होत्या. राजीनामा द्यायचा. बिनपगारी रजा घ्यायची. सासूला मुलासोबत मुंबईत ठेवून सुमतीने कामावर राहायचं. किंवा नवऱ्याने मुंबईला जायचं.

सासूचा पर्याय दोन वाक्यांत संपला. तिला लिफ्टची भीती, लिहिता-वाचता येत नाही, आणि औषधांच्या वेळा चुकून चालणार नव्हत्या. नवऱ्याचा पर्याय तर कोणी बोललंच नाही. त्याने हंगामाची उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत बोट सोडता येणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. मीही त्याला विचारलं नाही.

उरली रजा. तेव्हाच्या कारखाने कायद्याप्रमाणे वर्षात ठरावीक दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. सुमतीच्या खात्यावर अशी जेमतेम तेरा दिवस रजा उरली होती. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यातले २६ आठवडे बाळंतपणासाठी होते. सहा वर्षांच्या आजारी मुलासाठी त्यात काही नव्हतं. त्याच वॉर्डात आमच्याच जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शिक्षिका मुलीला घेऊन आली होती. राज्य सरकारने २०१८ मध्ये लागू केलेली बालसंगोपन रजा तिला मिळत होती, सगळ्या सेवेत मिळून १८० दिवस, पगारी. दोघींच्या खाटा शेजारी होत्या, मुलांच्या सलाइनमध्ये औषधं तीच होती. एकीच्या पगाराची स्लिप येत होती, दुसरी राजीनामा लिहून बसली होती. मला हे आजही सहन होत नाही.

मी तिला राजीनामा थांबवायला सांगितलं, त्याला दोन कारणं होती. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, हवी तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं सलग सेवा लागायची आणि तिची चार वर्षं तीन महिने भरली होती. राजीनामा दिला तर ती पाटी कोरी होणार होती. मंजूर रजेने सेवा तुटत नाही. दुसरं असं की, पीएफसाठी नोकरी सोडायची गरजच नव्हती. तेव्हाच्या नियमांप्रमाणे घरच्या माणसाच्या कर्करोगासाठी पीएफमधून अग्रिम काढता यायचा. त्याला नोकरीच्या वर्षांची अट नव्हती आणि तो परत भरावा लागत नसे. रक्कम सहा महिन्यांच्या मूळ पगाराइतकी किंवा स्वतःच्या हिश्शाइतकी, जी कमी असेल ती.

शेवटी अर्ज गेला तो असा: "मुलाच्या उपचारासाठी दि. २० सप्टेंबर २०२१ पासून बिनपगारी रजा मिळावी." किती दिवस, ती जागा आम्ही मोकळी ठेवली. मालकांनी सही केली आणि खाली लिहिलं, "मुलगा बरा होईपर्यंत."

त्या तीन शब्दांनी सगळ्यांना बरं वाटलं. पण त्यांनीच पुढे घोळ केला. 'बरा होईपर्यंत' म्हणजे नक्की कधी?

मुंबईतले महिने

यावर फार लिहीत नाही. केशरी शिधापत्रिकेवर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा मोठा भाग निघाला. तेव्हा मर्यादा वर्षाला दीड लाखाची होती. वरच्या खर्चासाठी मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं पतसंस्थेत गेलं. रेल्वेची कर्करुग्णांची सवलत आहे, स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के. ती त्यांना तिसऱ्या महिन्यात कळली. त्याआधी चार खेपा पूर्ण तिकिटाने झाल्या होत्या. हे निदानाच्याच आठवड्यात सांगायला हवं होतं.

परत येणं, पहिल्यांदा

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सुमती आणि ओम गावी आले. ओमला घरी औषधं सुरू झाली. डोक्यावर नवी लव आली होती. मालकांचा निरोप आला, "मुलगा बरा होऊन आला म्हणे, कधी येताय?" ती १५ जूनला रुजू झाली. तेच काम, तीच वेळ, सकाळी नऊ ते सहा. मी आनंदाने फाईल बंद केली. ही माझी मोठी चूक.

सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. का चाललं, हे आम्ही तपासलं नाही. १ जून ते ३१ जुलै समुद्रात पावसाळी मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत ओमचे बाबा घरी होते. गोळ्या ते द्यायचे, पेज ते शिजवायचे, रक्ततपासणीला तेच न्यायचे. थर्मामीटर त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. १ ऑगस्टला बोट सुटली आणि ते गेले. ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर, फोनला रेंज नाही. त्याच सुमारास कारखान्यात गणपती आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. पावसाळी हवेत गर नरम पडतो, त्यामुळे ट्रे दोनदा तपासावे लागतात. कामाचा जोर वाढला आणि घरातला आधार गेला, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडलं.

आता तापाबद्दल. या उपचारांत मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर वाट बघायची नसते. तासाभरात रुग्णालय गाठायचं, रक्त तपासून शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं.

सुमती हे जाणत होती. पण निबर बोटांना कपाळाची ऊब कळत नाही. ती ओमच्या कपाळावर बोटं ठेवत नसे, आपला गाल टेकवायची. दिवसातून दहा-बारा वेळा. कामावर असली की ते राहायचं, आणि मग तिचं ट्रेवर लक्ष लागत नसे. हॉलमध्ये फोन न्यायला बंदी होती. खाण्याचा माल, टोपी, एप्रन, फोन कपाटात, हा नियम बरोबरच आहे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाला सासूने फोन केला. ओम गरम लागत होता. फोन कपाटात वाजत राहिला. सुमतीने तो जेवणाच्या सुट्टीत पाहिला, तेव्हा दीड वाजून गेला होता. सोळा मिस्ड कॉल. रिक्षा करून आधी तालुक्याला, तिथून रात्री गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात. पेशी फारच खाली गेल्या होत्या. ओम सहा दिवस दाखल होता. वाचला.

सुमती त्यानंतर कामावर गेलीच नाही. अर्ज नाही, फोन नाही. गणपती गेले. सप्टेंबरमध्ये मालकांनी टेबलावरच्याच दुसऱ्या बाईला सुपरवायझर केलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी नऊ महिने जागा धरून ठेवली होती, आणि ऐन हंगामात किल्लीच गायब झाली. मला हे सगळं ऑक्टोबरमध्ये कळलं, तेही बाजारात, दुसऱ्याच कोणाकडून.

पुन्हा विचार

मी घरी गेले तेव्हा सुमती मागच्या पडवीत बसून आमसुलं निवडत होती. मला वाटलं होतं, ती म्हणेल आता नोकरी नको. ती म्हणाली, "मॅडम, माका कामार येवचा हा. पण झिलाक ताप इलो तर माका सांगतलो कोण?"

मी वर्षभर रजा, पैसे, सवलती यांचा विचार करत होते. तिचा प्रश्न निरोपाचा होता.

त्या दिवशी आम्ही उपचारांचं कार्ड पुढ्यात घेतलं आणि शेजारी कालनिर्णय ठेवलं. एका रंगाने डॉक्टरांकडे जायचे दिवस, दुसऱ्याने रक्त तपासायचे दिवस, तिसऱ्याने बोट बाहेर असण्याचे महिने, चौथ्याने कारखान्याच्या हंगामाचे आठवडे. जानेवारी २०२४ पर्यंतचं सगळं तासाभरात मांडून झालं. ठरलेली गैरहजेरी महिन्याला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नव्हती. अवघड होती ती न ठरलेली, म्हणजे तापाची. आणि त्यासाठी रजेचे दिवस मोजून काही होणार नव्हतं. अध्येमध्ये सोडलं तर बाकीच्या बाराजणी अडणार नाहीत, असं काम तिला हवं होतं.

यातून तीन पर्याय निघाले. घरी बसून आमसुलं आणि कोकम आगळ. पैसे हंगामापुरते, पीएफ बंद, पण मूल डोळ्यांसमोर. दुसरा, शाळेत पोषण आहार शिजवण्याचं काम. ओमच्या शाळेतच जागा होती, मानधन फार तुटपुंजं. तिसरा, कारखान्यात परत, पण वेगळ्या कामावर. सासूचं मत पहिल्याला होतं, माझं दुसऱ्याकडे झुकत होतं. सुमतीने तिसरा धरला. तिचं म्हणणं असं की सोनं सोडवायचं तर दर महिन्याला ठरलेली रक्कम यायला हवी, आणि कारखान्यात तिला काम येतं, लोक तिला विचारतात. या दुसऱ्या कारणाचं वजन मी कमी धरलं होतं. वर्षभर ती फक्त 'पेशंटची आई' होती.

मालकांशी बोलणं

नोव्हेंबरमध्ये सुमती, मी आणि मालक असे बसलो. मी उपचारांविषयी बोलायला सुरुवात केली तर मालक अवघडले, पाणी मागवलं. सुमतीने टेबलावर कॅलेंडर उलगडलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना तारखा हव्या होत्या, आणि आजवर कोणी दिल्या नव्हत्या.

ठरलं ते असं. सुमतीने नमुना तपासणी आणि पॅकिंगच्या नोंदी बघायच्या. ते काम अर्धवट सोडलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता येतं. वेळ सकाळी नऊ ते एक, पगार साडेसहा हजार. ऑफिसातल्या लँडलाइनचा नंबर शाळेत, घरी आणि रिक्षावाल्याकडे. त्यावर फोन आला की शिपाईकाकांनी हॉलमध्ये जाऊन निरोप द्यायचा, ते नसतील तर हिशेबनिसांनी. मधली गैरहजेरी बिनपगारी रजा म्हणून नोंदवायची, म्हणजे सेवा सलग राहील. हा शेवटचा मुद्दा मालकांनी फारसा विचार न करता मान्य केला. त्याची किंमत त्यांना फार नव्हती, सुमतीला मात्र होती.

अडचण आली ती टेबलावरून. "तिका सवलत, मग आमका कित्याक नाय?" हा प्रश्न गैर नव्हता. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, दुसरीचा मुलगा फिट येणारा. मालक मागे सरकू लागले. तोडगा हिशेबनिसांनी काढला. त्यांनीच आधी राजीनामा सुचवला होता, हे मुद्दाम सांगते. लँडलाइनच्या निरोपाची सोय सगळ्यांसाठी करायची, प्रत्येकीने दोन नंबर लिहून द्यायचे. कागद फोनच्या वर भिंतीला चिकटवला. कुरबुर बरीच कमी झाली. कमी वेळाचं काम मात्र एकटीलाच मिळालं, आणि ती खंत टेबलावर राहिली.

घरच्या बाजूला शाळेजवळ राहणाऱ्या मावशीकडे एक पिशवी ठेवली: फाईलच्या झेरॉक्स, थर्मामीटर, दोन हजार रुपये, ओमचे कपडे. मावशीने ताप मोजायचा, आकडा वर असेल तर आधी रिक्षा बोलवायची आणि मग फोन करायचा. हा क्रम आम्ही दोनदा प्रत्यक्ष करून पाहिला.

ओमच्या बाबांशी मी पहिल्यांदा नीट बोलले ते तेव्हाच. ते म्हणाले, "माका कोणी इचारल्यानच नाय." उचल फेडायला एकच हंगाम लागत होता. पुढच्या हंगामापासून त्यांनी लांब पल्ल्याची बोट सोडून गावातल्या छोट्या होडीवर जायचं ठरवलं. रोज संध्याकाळी घरी. उत्पन्न घटलं. हे वर्षभर आधी करता आलं असतं का? बहुतेक हो.

पुढे काय झालं

सुमती जानेवारी २०२३ मध्ये रुजू झाली. त्या वर्षात ओमला तीनदा ताप आला. एकदा लँडलाइनवर फोन आल्यापासून पस्तीस मिनिटांत ती रुग्णालयात होती आणि मावशी आधीच पोचली होती. ती वेळ फक्त दोन दिवसांवर निभावली.

जानेवारी २०२४ मध्ये गोळ्या थांबल्या. मालकांनी पेढे वाटले आणि फेब्रुवारीपासून पूर्ण वेळ या म्हणाले. मीही त्यांना "उपचार संपले" असंच कळवलं होतं. ही माझी दुसरी चूक. औषधं थांबली की आईबापांची भीती पुष्कळदा वाढते. रोज काहीतरी देत होतो, आता काहीच देत नाही, मग आजार परत आला तर? सुमती रात्री उठून पुन्हा गाल टेकवू लागली. एक वजन तीन-तीन वेळा करायची. नोंदीत चुका झाल्या आणि एक लॉट परत आला. पूर्ण वेळ ती जूनमध्ये आली, मे महिन्यातली तपासणी चांगली निघाल्यावर. हे चार महिने आधीच कॅलेंडरवर मांडले असते तर तो लॉट आणि तिची मान खाली जाणं, दोन्ही टळलं असतं.

ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरली. पीएफ खंडानंतर पुन्हा सुरू झाला. सोन्यातल्या दोन बांगड्या सुटल्या, बाकीचं पतसंस्थेतच आहे. ओमला आई-बाबांनी पुन्हा पहिलीत बसवलं.

आज हेच प्रकरण समोर आलं तर

रजेच्या अर्जावर 'बरा होईपर्यंत' लिहू देणार नाही. उपचारांचा आराखडा डॉक्टरांकडून पहिल्याच महिन्यात मिळतो. त्यावरून "साधारण नऊ महिने मुंबई, त्यानंतर अर्धवेळ, मग पुन्हा बोलू" असं लिहिता येतं, आणि मालकालाही त्या हिशेबाने बदली माणूस ठेवता येतं. मालकाची पहिली भेट निदानाच्या पंधरवड्यात घेईन, रजा सुरू असतानाच. वडिलांना पहिल्या दिवशी विचारेन. आणि आई रुजू झाली की फाईल उघडी ठेवेन, निदान घरातलं एखादं माणूस पुन्हा बाहेर पडेपर्यंत तरी.

साडेसहा हजारांवर मी जास्त भांडायला हवं होतं. तासांचा हिशेब केला तर सुपरवायझरच्या दरापेक्षा ते कमी नव्हतं, पण नमुना तपासणीची जबाबदारी मोठी होती आणि तिच्या चुकीने परत आलेला लॉट तिच्याच नावावर मोजला गेला.

सुपरवायझरची जागा अजून दुसऱ्या बाईकडे आहे. ती चांगलं काम करते, तिला काढा असं सुमतीही म्हणणार नाही. पण कारखान्यात दुसरं टेबल सुरू होणार आहे आणि त्यावर कोण, ते ठरलेलं नाही. सुमतीने विचारावं म्हणून मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तिने फोनवरचा कागद सरळ केला, मावशीचा बदललेला नंबर पेनाने नीट गिरवला आणि म्हणाली, "गणपती होवंदेत, मगे बघूया."